चार बोटांचा कान

"हातात धर बरं, दादा," आत्या म्हणाली.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुठ्ठ्याचं गुळगुळीत खोकं उघडं पडलं होतं. त्यातून काढलेला कोरा मग आत्याने पाण्याने भरून बाबांसमोर ठेवला होता. बाबांनी उजवा हात पुढे केला. त्या हाताची मधली दोन बोटं वळत नाहीत, काठीसारखी सरळ राहतात. त्यांनी मगाच्या कानात पहिलं बोट घातलं. दुसरं घालायला जागाच नव्हती. तरीही त्यांनी मग उचलला. तो हातातल्या हातात फिरला आणि सगळं पाणी त्यांच्या सदऱ्यावर सांडलं.

"माझंच चुकलं," बाबा म्हणाले. "घाई केली जरा."

"तू काही घाई केली नाहीस. कान लहान केलाय त्यांनी. आणि वरची अंगठ्याची टेकण उडवून टाकलीये." आत्याने मग हातात घेऊन उजेडाकडे धरला, कानाच्या आतून बोट फिरवलं आणि तो खाली ठेवला. "आणि नाव माझं छापलंय."

खोक्यावर तिचं नाव होतं. नावाखाली तिचं छायाचित्रही होतं. ते काढायला कारखान्याचा माणूस महिन्यापूर्वी घरी येऊन गेला होता. जुना मग नव्या रूपात पुन्हा बाजारात येणार, त्याचा मोठा कार्यक्रम होणार, आणि ज्या बाईने तो पहिल्यांदा घडवला तिला व्यासपीठावर बसवणार, असं त्याने सांगितलं होतं. तेव्हापासून आत्याचं पाऊल जमिनीवर नव्हतं. नव्या चपला आणल्या होत्या. चार वाक्यांचं भाषण पाठ करून झालं होतं आणि ते आम्हा सगळ्यांना इतक्यांदा ऐकवलं होतं की बाबा मधेच पुढचं वाक्य सांगायचे. आजूबाजूच्या घरांतल्या बायकांनाही आमंत्रणं गेली होती.

ही माझी सख्खी आत्या, बाबांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, आमच्यातच राहिली. प्लास्टिकच्या वस्तू करणाऱ्या कारखान्यात ती लागली ती प्लास्टर कालवायला. तिथे नमुनाघर नावाची एक खोली होती. कुठलीही बादली, टोपली, डबा साच्यात ओतण्याआधी त्याचा मातीचा आणि मग प्लास्टरचा नमुना तिथे घडवायचे. नमुने करणारे दोघं-तिघं पुरुष होते. आत्या त्यांना प्लास्टर कालवून द्यायची आणि बघत बसायची. एकदा त्यातला मुख्य माणूस आजारी पडला आणि एका टोपलीची मूठ अडली. ती मूठ आत्याने केली. मग दुसरी केली, तिसरी केली, आणि बघता बघता नमुनाघर तिच्या हाताखाली आलं. कारखान्यात तिला सगळे साचेबाई म्हणत. खरं तर साचे ती करत नसे, नमुने करत असे. पण नमुनेबाई म्हणणं बरं दिसलं नसतं, असं ती स्वतःच हसून सांगते.

बाबा त्याच कारखान्यात प्रेसवर होते. मी शाळेत जायच्या आधीची गोष्ट आहे, मला सांगून माहीत आहे. प्रेस खाली आली तेव्हा त्यांचा हात पुरता बाहेर निघाला नव्हता. बोटं वाचली, पण दोन कायमची ताठ झाली. त्यानंतर त्यांना स्टोअरमध्ये बसायचं काम मिळालं. संसार चालत राहिला. फक्त बाबा चारचौघांत चहा घेईनासे झाले. पाहुणे आले की "आत्ताच झाला" म्हणायचे, आणि पाहुणे गेले की आत येऊन दोन्ही हातांच्या ओंजळीत पेला धरून लहान मुलासारखे प्यायचे. आईने ते पाहून न पाहिल्यासारखं केलं. आत्याला ते जमलं नाही.

तिने कान करायला घेतले. मातीचे, नुसते कान. कामावरून आली की बाबांच्या हातात देई आणि म्हणे, धर. हा बोटाला टोचतो, हा निसटतो, हा बरा आहे पण भरल्यावर कलतो. शेवटी तिने चारही बोटं सरळ जातील एवढा लांब कान केला. त्याच्या वरच्या टोकाला अंगठा टेकवायला एक बोटभर रुंद सपाट जागा ठेवली. बोटं वळायची गरजच राहिली नाही. सगळा भार अंगठ्याखाली आणि तळहाताच्या कडेवर आला. त्या दिवसांत बाबांना इतका चहा प्यावा लागला की आई म्हणाली होती, मग होईल तेव्हा होईल, आधी यांचं पोट जाईल.

तेव्हाचे मालक, ज्यांना आम्ही थोरले मालक म्हणायचो, त्यांनी तो मग नमुनाघरात पाहिला आणि साचा करायला सांगितलं. त्यांना तो फक्त दणकट वाटला होता. पण तो खपला तो वेगळ्याच कारणाने. दवाखान्यांनी घेतला. म्हाताऱ्या माणसांच्या घरात गेला. ज्यांचे हात थरथरतात, ज्यांच्या बोटांचे सांधे सुजतात, ज्यांचा एक हात गळ्यात बांधलेला असतो, अशा सगळ्यांकडे तो पोचला. मग धडधाकट लोकांनीही घेतला, कारण तो हातात बरा बसे. मी शिकायला बाहेरगावी गेले तेव्हा वसतिगृहातही तोच होता. मी एकदा तिथल्या मुलींना सांगितलं की हा माझ्या आत्याने केलाय. त्यांतली एक म्हणाली, "आणि नळ काय तुझ्या काकांनी केलाय का?"

आत्याला कारखान्याने वाईट वागवलं असं नाही. पगार वेळेवर होता, मान होता. फक्त नाव कुठे नव्हतं. मगाला कुठे कुणाचं नाव असतं? आत्याने ते कधी मागितलं नाही. पण ते मिळणार म्हटल्यावर तिचा चेहरा कसा झाला होता ते मी पाहिलं होतं. त्यामुळे त्या दिवशी ओलं टेबल पुसताना मला तिच्याकडे बघवेना.

"वकीलबाई," आत्या मला म्हणाली. मी वकिली करते, म्हणून काही गंभीर बोलायचं असलं की ती मला अशी हाक मारते. "माझा मग त्यांनी असा मोडायचा, याला काही कायदा आहे का?"

मी खुर्ची ओढून बसले. खोटा धीर देण्यात अर्थ नव्हता.

"आत्या, समजा तू एक पुतळा केलास आणि विकलास. विकत घेणाऱ्याने त्याचं नाक छाटलं आणि तुझ्या नावाने चौकात उभा केला, तर तुला भांडता येतं. पुतळा त्याचा असला तरी करणारी तू आहेस, हे कायदा धरून चालतो."

"बरं. मग?"

"मगाचं तसं नाही."

"मी मगाचं नाही विचारलं. मग पुढे काय, असं विचारलं."

बाबा हसले. ओला सदरा अंगावर तसाच होता.

"पुढे असं," मी म्हणाले, "की मग ही वापरायची वस्तू. यंत्रावर एका मर्यादेपेक्षा जास्त काढली की तो करणाऱ्याचा हक्क राहत नाही. आकाराची वेगळी नोंदणी करता येते, पण ती थोड्या वर्षांपुरती. ती केली होती कारखान्याने, कारखान्याच्याच नावावर. तीही संपून जमाना झाला. आता हा आकार कुणाचाच नाही. कुणीही करावा, कुणीही बदलावा."

आत्याने मग पुन्हा हातात घेतला. मग म्हणाली, "म्हणजे मी दादासाठी एकच करून थांबले असते, तर तो माझा. घरोघरी गेला म्हणून माझा नाही."

"जवळजवळ तसंच."

"अन्यायच आहे हा," बाबा म्हणाले.

"अन्याय कसला," आत्या म्हणाली. मला वाटलं होतं ती चिडेल. "नाहीतर एकेका चमच्यामागे, एकेका खुर्चीमागे कुणीतरी हक्क सांगत उभं राहिलं असतं. मी तरी ती अंगठ्याची टेकण कुठून आणली? आपलं घर दुरुस्त करायला गवंडी आला होता, त्याच्या थापीच्या मुठीवर तशी होती. मी काय त्याला विचारायला गेले होते?" तिने खोकं जवळ ओढलं आणि स्वतःच्या छायाचित्राकडे पाहिलं. "कायदा ठीकच आहे. पण याचं काय करायचं? हे नाव पाहून कुणीतरी घेणार. माझ्यावर विश्वास ठेवून घेणार. आणि पोळून घेणार."

"नावाचं बोलता येईल," मी म्हणाले. "जे तू केलं नाहीस त्याला तुझं नाव लावू नका, एवढं सांगता येईल. आकार थांबवता येणार नाही. नाव मात्र काढून घेता येईल."

बाबा तेव्हा जे म्हणाले ते माझ्या अजून लक्षात आहे. "अगं, राहू दे की नाव. आयुष्यात एकदा येतंय. मला कुठे नडतंय? मी डाव्या हाताने पिईन."

आत्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि उठून चहा टाकला.

दोन दिवसांनी आम्ही दोघी कारखान्यात गेलो. आत्याने नव्या चपला घातल्या नाहीत, रोजच्याच घातल्या. आता कारभार थोरल्या मालकांचा मुलगा पाहतो, धाकटे मालक. आत्याला पाहून तो उठून उभा राहिला, स्वतः खुर्ची पुढे केली. माणूस वाईट नाही. त्याने सगळं नीट सांगितलं. जुना कान जाड होता, जाड जागी प्लास्टिक थंड व्हायला वेळ लागतो, तेवढा वेळ यंत्र अडून राहतं. शिवाय तो कान बाहेर येतो, त्यामुळे मग एकमेकांत बसत नाहीत आणि दुकानदार जागा अडते म्हणून घेत नाहीत. हे केलं नसतं तर मग बंदच करावा लागला असता.

"खरंय तुमचं," आत्या म्हणाली. "मला कळतंय. मी एवढी वर्षं तेच काम केलंय. पण तुम्ही वाचवलंय ते मगाचं अंग. कान गेला तिथेच मग संपला."

"बाई, आजकाल लोकांना हलकी वस्तू लागते."

"लोकांना ना? घ्यावी की. ही वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण ही माझी नाही."

धाकट्या मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "आमचं दुसरं काही मागणं नाही. हा नवा आकार तुमचा, तुम्ही काहीही करा. फक्त त्याच्यावर यांचं नाव आणि छायाचित्र नको."

"कार्यक्रम ठरलाय," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, थोडं दुखावलेपण होतं. "बाई, हे तुमच्या सन्मानासाठी होतं. मीच सुचवलं होतं. लहानपणी मी तुमच्या नमुनाघरात मातीशी खेळत बसायचो."

"आठवतं मला. हत्ती करायचास." आत्या एकदम 'तुम्ही'वरून 'तू'वर आली. "रागावू नकोस. तुझ्या मनात चांगलं होतं. पण उद्या एखाद्या म्हातारीच्या मांडीवर चहा सांडला तर तिने खोक्यावर माझं तोंड पाहायचं का?"

त्याने वाद घातला नाही. खोकी पुन्हा छापली. कार्यक्रम झाला, पण त्यात आत्या नव्हती. कारखान्यातली जुनी माणसं मात्र नाराज झाली. तिच्याबरोबर काम केलेला एक फिटर घरी येऊन म्हणाला, "साचेबाई, आमच्यापैकी एकाचं तरी नाव लागत होतं हो. तुम्ही तेही घालवलंत." आत्याने त्याला चहा दिला. तो गेल्यावर बराच वेळ गॅलरीत बसून राहिली. शेजारच्या बायकांनी कार्यक्रमाचं विचारलं की "रद्द झालं माझं" एवढंच सांगायची.

मला वाटलं, विषय संपला. पण एक दिवस कोर्टातून घरी आले तर गॅलरीत वर्तमानपत्रं अंथरलेली, त्यावर मातीचा गोळा आणि आत्या बाबांना म्हणत होती, "धर बरं, दादा."

"आता काय चाललंय?" मी विचारलं.

"तूच म्हणालीस ना, आकार आता कुणाचाच नाही, कुणीही करावा."

"म्हणाले."

"मग त्या कुणीहीमध्ये मी येते की नाही?"

मला हसू आलं, आणि मग एकदम जाणवलं की मी एवढी पुस्तकं वाचून त्या नियमाकडे फक्त बंद दारासारखं पाहत होते. दार दोन्ही बाजूंनी उघडं होतं.

मातीचा नमुना व्हायला खूप दिवस गेले. आत्याची नजर पूर्वीची नाही आणि मनगट लवकर दुखतं. शिवाय जुना कान जसाच्या तसा करायचा हे तिला पटेना. बाबांची बोटं आता वयाने जाड झाली होती, करंगळी खालच्या वळणात अडकत होती. "हे तेव्हाही थोडं चुकलंच होतं," ती म्हणाली. "दादा बोलला नाही आणि मला कळलं नाही." बाबा म्हणाले, "बोललो असतो तर अजून चहा प्यावा लागला असता." खालचं वळण तिने मोठं केलं.

मग तो नमुना घेऊन ती गावाबाहेरच्या एका छोट्या कारखान्यात गेली. तिथला माणूस बरण्यांची आणि बाटल्यांची झाकणं करतो. सगळे त्याला झाकणवालेच म्हणतात. एकच जुनं यंत्र, दोन कामगार, आणि दारात झाकणांचे रंगीबेरंगी ढीग. मी तिच्याबरोबर होते. झाकणवाल्यांनी नमुना उलटसुलट करून पाहिला. त्यांच्या वडिलांना पक्षाघात झाला होता, जुना मग त्यांच्या घरी वापरात होता, हे नंतर कळलं. तेव्हा ते फक्त म्हणाले, "या जाड कानाला यंत्र थांबवावं लागेल, बाई."

"लागेल."

"आमचं यंत्र तसंही म्हातारं आहे. त्याला कुठे घाई." ते माझ्याकडे वळले. "पण मोठा कारखाना आमच्यावर खटला भरेल त्याचं काय?"

"नाही भरता येणार," मी म्हणाले. "हा आकार आता कुणीही करू शकतो."

त्यांचा विश्वास बसायला तीन-चार भेटी लागल्या. अखेर साचा झाला. पहिला नग यंत्रातून पडला तेव्हा तो वाकडा होता. दुसऱ्याच्या कानावर खड्डा पडला. साचा घासून, थंड व्हायची वेळ वाढवून, रोज जाऊन आत्याने ते मार्गी लावलं. ज्या दिवशी नीट मग निघाला त्या दिवशी तिने तो गरम असतानाच फडक्यात धरून बोटं आत घातली आणि नुसती उभी राहिली.

झाकणवाले म्हणाले, "बाई, साच्यात अजून एक काम राहिलंय. तळाला तुमचं नाव कोरून घेतो. आमच्या झाकणांवरही आमचं कोरलेलं असतं. लहान अक्षरात, पण राहील कायमचं."

आत्याने वर पाहिलं. ती लगेच नाही म्हणाली नाही. मी मनातल्या मनात म्हणत होते, हो म्हण. हा मग तिचाच होता, आता त्यावर नाव यायला कुणाची हरकत नव्हती. तिने मग उलटा केला आणि तळावरून अंगठा फिरवला, नाव कुठे बसेल ते पाहत असल्यासारखा.

"किती खोल कोरतात अक्षरं?" तिने विचारलं.

"अगदी थोडी. केसभर."

"धुऊन पालथा घातला की त्यात पाणी राहणार. आणि दवाखान्यात हे दिवसभर पालथे घालतात." तिने अजून एकदा अंगठा फिरवला. "नको. सपाटच राहू दे."

"उठावदार करू या. कोरायचं नाही, वर काढायचं."

"मग टेबलावर डुगडुगेल." ती हसली. पण हसताना तिने तोंड जरा बाजूला वळवलं, आणि झाकणवाल्यांना मशीनचं काहीतरी विचारायला गेली. घरी येताना रिक्षात तिने माझा हात धरला होता.

आत्याचा मग बाजारात गेला. त्याला खोकं नव्हतं, नाव नव्हतं, पोत्यात भरून दुकानात जायचा. काही महिन्यांनी धाकट्या मालकांचा मला फोन आला.

"तुमच्या आत्यांनी आमचा मग काढलाय," तो म्हणाला.

"तुमचा नाही, मालक. कुणाचाच नाही."

"ठाऊक आहे. आमच्या वकिलांनीही तेच सांगितलं." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "आईला आणलाय मी एक. हात थरथरतो तिचा. आत्यांना सांगू नका."

मी सांगितलं. आत्या म्हणाली, "खालच्या वळणात करंगळी बसते का विचारायचं होतंस."

परवा ती माझ्याबरोबर कोर्टात आली होती. डोळ्यांचा दवाखाना तिथून जवळ आहे. माझं काम संपेपर्यंत मी तिला उपाहारगृहात बसवलं. परत आले तेव्हा तिच्या समोरच्या टेबलावर एक माणूस आपल्या वकिलाशी बोलत बसला होता. त्याच्या उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टर होतं आणि त्यातून बाहेर आलेली बोटं सुजलेली होती. त्याचा चहा आत्याने घडवलेल्या मगात होता. माणूस तावातावाने भावाबद्दल, भिंतीबद्दल, सामाईक नळाबद्दल सांगत होता. बोलता बोलता त्याने बोटं कानात सरकवली, अंगठा टेकवला, घोट घेतला, मग खाली ठेवला, पुन्हा उचलला. त्याचं सगळं लक्ष वकिलाच्या तोंडाकडे होतं. मगाकडे त्याने एकदाही पाहिलं नाही.

आत्या त्याच्याकडे बघत होती. तिचा चहा गार झाला होता.

"निघायचं?" मी विचारलं.

"त्याचा संपू दे," ती म्हणाली.